मधलं सोडा, दोन टोकं बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कळव्यात भाड्याने राहता, ऑफिस ऐरोलीला, रोज ठाण्याला उतरून पूल चढून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर ट्रान्सहार्बरची (ठाणे-ऐरोली-वाशी बाजूची) गाडी धरायला जाता. बदलापूरला फ्लॅट बघून ठेवलाय आणि बिल्डर सांगतोय की दोन वर्षांत कळवा-ऐरोली जोडणी (ठाण्याला न जाता कळव्याहून थेट ऐरोलीकडे वळणारी लाइन) होणार, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन होणार, मग बदलापूरला बसायचं ते थेट ऐरोलीला उतरायचं. तुम्हाला गाडीतून बाजूला भराव घातलेला दिसतो, म्हणून तुम्ही विचारताय की एवढं काम झालेलं दिसतंय तर दोन वर्षं धरून चालायला काय हरकत आहे. आणि वर तो चीनचा व्हिडिओ, ते नऊ तासांत लाइनचं काम करतात मग आपल्याकडे का नाही.

मी रेल्वेचा माणूस नाही. ठेकेदारांकडे ट्रॅकच्या कामावर साइट इंजिनिअर म्हणून पंचवीसेक वर्षं काढली, जास्त करून ठाणे, कल्याण आणि खाडीपलीकडे. त्यामुळे वरच्या ऑफिसात काय ठरतं ते मला विचारू नका, पण जमिनीवर काय चाललंय हे बघून कुठलं काम किती लांब आहे याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. तारीख मी सांगणार नाही, कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला काहीतरी विकायचंय असं समजा.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन कामं एकत्र करताय. कळवा-ऐरोली हे एमयूटीपी ३ (मुंबईच्या लोकलसाठीच्या मोठ्या योजनेचा तिसरा टप्पा) मधलं, त्याला मंजुरी डिसेंबर २०१६ ला मिळाली. कल्याण-बदलापूर हे एमयूटीपी ३ए मधलं, त्याची मंजुरी मार्च २०१९ ची. दोन्ही कामं एमआरव्हीसीकडे, म्हणजे १९९९ ला खास मुंबईच्या लोकलच्या कामांसाठी काढलेली कंपनी, रेल्वे आणि राज्य सरकार दोघांची. पण कंपनी एक म्हणून दोन्ही एकदम संपतील असं नाही, दोघांची दुखणी पूर्ण वेगळी आहेत. आणि ऐरोलीला कुठलीही थेट गाडी यायला दोन्ही व्हायलाच हवीत असंही नाही. कळवा-ऐरोली एकटं झालं तरी कल्याणकडून थेट गाडी सोडता येईल, पण ती बदलापूरहून सोडायची तर आत्ताच्या दोन लाइनवर तिला जागा कुठून काढणार? कर्जतकडच्या गाड्या, मेल, मालगाड्या सगळं त्याच दोन रुळांवर. म्हणून तुमच्या कामाची गाडी ही दोन्हींपैकी जे उशिरा संपेल त्याच्या मागे लागून आहे.

आता भराव. भराव दिसला की लोकांना वाटतं झालं, आता रूळ टाकले की गाडी. आम्हा ट्रॅकवाल्यांना विचाराल तर मोकळ्या जागेत रूळ टाकणं हे सगळ्यात सोपं काम. खडी पसरायची, काँक्रीटचे स्लीपर साधारण ६० सेंटिमीटरवर एक असे मांडायचे, ६० किलोचा रूळ चढवायचा (६० किलो म्हणजे एका मीटरचं वजन), क्लिपा मारायच्या, वेल्डिंग करायचं. चांगली गँग आणि माल वेळेवर असेल तर किलोमीटरचं काम बघता बघता होतं. फोटोही याचेच येतात. अडकतं ते याच्या आधी आणि याच्या नंतर.

आधीचं म्हणजे जागा आणि माती. जागेचं तुम्ही कळव्यात राहता म्हणजे मी काय सांगणार, दिघा ते कळवा या पट्ट्यात रुळाच्या कडेला किती घरं आहेत ते रोज बघता. तिथे हजाराच्या आसपास कुटुंबांचं पुनर्वसन हाच त्या कामाचा गाभा आहे, वरचा पूल नंतरचा. म्हणूनच ते काम दोन तुकड्यांत केलं, आधी दिघा गाव स्टेशन आणि मग कळव्याकडे जाणारा उन्नत मार्ग. स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. ते त्याच्या बऱ्याच आधी बांधून तयार होतं, लोक गाडीतून बघत जायचे की प्लॅटफॉर्म आहे, पत्रे आहेत, नावाची पाटी आहे पण गाडी थांबत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मातीचं म्हणाल तर ठाणे खाडीच्या दोन्ही अंगांना चिकट काळी चिखलमाती आहे. तिच्यावर भराव टाकला की ती एका दिवसात बसत नाही, आतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं तशी महिनोन् महिने खाली जात राहते. उभ्या पट्ट्या खोचून पाणी लवकर काढायची पद्धत आहे, वर जादा वजन ठेवतात, तरी थांबावं लागतंच. मी एका कामावर पावसाळ्याआधी लेव्हल घेऊन ठेवली होती, दसऱ्याला परत दुर्बीण लावली तर मधला ४० मीटरचा तुकडा वीतभर खाली. तिथे मे महिन्यात घाईने रूळ टाकला असता तर गाडी होडीसारखी डोलली असती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काम बंद पडलंय, पण तो भराव तेव्हा बसत असतो. त्यात जून ते सप्टेंबर मातीकाम तसंही बंद. खारफुटी आली की हायकोर्टाची परवानगी लागते. नेरूळ-उरण आठवा, पहिला टप्पा खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाला आणि पुढचा उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ ला. जेमतेम २७ किलोमीटरची लाइन, आणि तिथे तर बाजूला धावती लोकल पण नव्हती.

ही धावती लोकलच खरी भानगड आहे, आणि इथे जरा सविस्तर सांगतो कारण बाहेर कोणाला हे दिसत नाही.

नवीन लाइन शेवटी जुन्या लाइनला जोडावी लागते. आमच्यात त्याला कट अँड कनेक्शन म्हणतात. जुना रूळ कापायचा, तिथे पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) बसवायचा, नवीन रूळ त्याला लावायचा, वरची वायर सरकवायची, सिग्नल नव्या रचनेला जोडायचे. मधल्या आठ किलोमीटरचं काम दिवसाढवळ्या करता येतं. ही टोकाची दोन-तीनशे मीटर मात्र गाड्या बंद असतानाच करावी लागतात. म्हणजे या कामाचं मोजमाप महिन्यांत करून चालत नाही, ते ब्लॉकच्या, म्हणजे गाड्या बंद ठेवून मिळालेल्या, तासांत करावं लागतं, आणि ठाण्यासारख्या ठिकाणी तास मिळणं म्हणजे घरात एकच बाथरूम आणि माणसं बारा.

रात्रीचा साधा ब्लॉक कसा जातो बघा. कागदावर समजा सव्वा ते सव्वाचार असे तीन तास. शेवटची लोकल पाच-सात मिनिटं लेट असतेच, मागे एखादी मेल लेट धावत असते, ती काढल्याशिवाय कंट्रोल ब्लॉक देत नाही. ब्लॉक मिळाला की वायरमधली वीज बंद करायची, तिचा निरोप यायचा, मग ओएचईवाले (वरच्या वायरची माणसं) दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड लावणार, कारण २५ हजार व्होल्टशी कोणी चेष्टा करत नाही. तोपर्यंत आमची साठ माणसं कडेला उकिडवी बसलेली, कटर तेल भरून तयार, मुकादम दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघतोय आणि मी फोनकडे. परमिट हातात पडतो तेव्हा पावणेदोन वाजलेले असतात. आणि परत देताना रूळ जोडून, तपासून, सामान बाहेर काढून, माणसं मोजून, रॉड काढून, वीज सोडून पहिल्या लोकलच्या आधी लाइन द्यायची असते, म्हणजे साडेतीनला हात थांबले पाहिजेत. तीन तासांच्या ब्लॉकात खरं काम पावणेदोन तास. एका रात्री पाऊस आला आणि वेल्ड झाकायला ताडपत्री धरून उभे राहिलो होतो, त्या रात्री एकूण काम झालं ते एक जॉइंट.

रविवारचा मेगाब्लॉक चार-पाच तासांचा असतो पण त्यावर नुसता नवीन कामाचा हक्क नाही. जुन्या रुळाची डागडुजी, टॅम्पिंग (रुळाखालची खडी घट्ट बसवणं), वायरची कामं, पुलाची कामं सगळेच त्याच रविवारकडे डोळे लावून बसलेले. बरं, सणाचा रविवार, परीक्षेचा रविवार, पावसाळ्यातला रविवार वजा करा. वर्षात ५२ रविवार ऐकायला बरे वाटतात.

शिवाय सिग्नल. नवीन पॉइंट आला की स्टेशनची सगळी सिग्नल यंत्रणा नव्याने तपासावी लागते, कुठला सिग्नल हिरवा असताना कुठला पॉइंट कुठे असलाच पाहिजे याची एकेक जोडी. ती बदलत असताना काही काळ आपोआप चालणारी व्यवस्था बंद असते, त्याला एनआय, म्हणजे नॉन-इंटरलॉकिंग, म्हणतात. तेव्हा पॉइंट हाताने फिरवायचे, क्लॅम्प आणि कुलूप लावायचं, गाडी झेंडी दाखवून मुंगीच्या पावलाने काढायची. अशात ठाण्यातून पीकअवरच्या गाड्या निघूच शकत नाहीत. म्हणून मोठे ब्लॉक घ्यावे लागतात आणि लोक शिव्या देतात, मीही प्लॅटफॉर्मवर उभा असतो तेव्हा देतो.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइनचं उदाहरण घ्या. साधारण नऊ किलोमीटर. भूमिपूजन २००८ ला, व्हायला हवी होती २०१५ ला, उद्घाटन १८ फेब्रुवारी २०२२ ला. मधली वर्षं कशात गेली? १.४ किलोमीटरचा रुळावरून रूळ नेणारा पूल, तीन मोठे पूल, एकवीस छोटे, जागा, मुंब्र्याचा डोंगर आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. पण ज्यांनी रोज प्रवास केला त्यांना शेवटचे दोन महिने आठवत असतील. २ जानेवारी २०२२ ला २४ तासांचा ब्लॉक, पुढच्या आठवड्यात ३६ तासांचा, आणि ५ ते ८ फेब्रुवारीला सलग ७२ तासांचा. हे सगळं टोकांच्या जोडणीचं होतं. आणि बघा, नुसत्या दोन लाइन कडेला वाढवल्या असं नव्हतं ते. आधी फास्ट लोकल १९१६ च्या पारसिक बोगद्यातून जायच्या, आता त्या कळवा-मुंब्रा बाजूच्या नवीन रुळांवरून जातात आणि बोगदा मेल-एक्सप्रेसला राहिला. म्हणजे चालू असलेली फास्टची वाहतूक उचलून दुसऱ्या रुळावर ठेवायची होती, तीही हार्टअटॅक न येऊ देता. माझी आई तेव्हा डोंबिवलीहून येताना म्हणाली, अरे बोगदा गेला कुठे. तिला बोगद्यात देवाचं नाव घ्यायची सवय होती.

आता तुमचा चीनचा व्हिडिओ. तो खोटा नाही. २०१८ मधला आहे, फुजियान प्रांतातला, पंधराशे माणसं आणि नऊ तास. पण नीट बघितलात तर ते काय करतायत? जुन्या लाइनला नवीन लाइन जोडतायत. म्हणजे त्यांचं ते कट अँड कनेक्शनच आहे, त्याच्या आधीची वर्षं त्यात दिसत नाहीत. आपल्याकडचा त्याच जातीचा नमुना म्हणजे जून २०२४ चं ठाणे स्टेशन. पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला. काँक्रीटचे पोकळ ठोकळे आधीच दुसरीकडे ओतून आणले होते, पाच नंबरचा रूळ बाजूला सरकवला आणि ते ठोकळे मांडत गेले, जागेवर काँक्रीट ओतून वाळायची वाट बघत बसायचं नाही. तेही दोन-तीन मीटर रुंदीसाठी. पण ज्याने पीकअवरला पाच नंबरवर लोटालोटी खाल्लीय त्याला त्या दोन मीटरची किंमत माहीत आहे. कौतुक करायचं तर मी ब्लॉकच्या आधी जे तीन महिने कागदावर बसले त्यांचं करीन.

तयारी कमी पडली की काय होतं तेही सांगतो, माझीच गोष्ट. एका यार्डात ओएचईच्या मास्टचा, म्हणजे वायरच्या खांबाचा, पाया खणायचा होता. नकाशात केबल तीन मीटर लांब दाखवलेली. नियम असा की आधी हाताने खड्डा घेऊन केबल शोधायची, मगच मशीन. दुपार झालेली, दोन पाये बाकी, मी म्हटलं मार. जेसीबीच्या दुसऱ्या बकेटला काळ्या नळीतून रंगीत तारांचा पुंजका वर आला आणि त्या टोकापासून त्या टोकापर्यंत सिग्नल लाल. जेसीबीवरचा पोरगा चावी तशीच ठेवून पळाला, दोन दिवस त्याचा फोन बंद होता. मला पळायला जागा नव्हती. केबल जोडायला तीन तास लागले, ते तीन तास लोक रुळातून चालत माझ्या बाजूने जात होते आणि त्यातल्या निम्म्यांनी मला काहीतरी ऐकवलं. त्यानंतर त्या साइटवर पुढचे चार महिने एकही पाया हाताने खणल्याशिवाय झाला नाही, काम दुप्पट हळू झालं. अशा जुन्या केबली, पाण्याच्या लाइनी, कोणाच्याच नकाशात नसलेले पाइप ठाणे-कल्याण पट्ट्यात पावलापावलाला आहेत. १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हापासून इथे लोक खणतायत आणि पुरतायत.

सगळं झालं तरी गाडी लगेच सुरू होत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन तपासतात, ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक खात्याच्या अखत्यारीत असतात, त्यामुळे आपल्याच माणसाने आपलं पास केलं असं होत नाही. त्यांनी काही काढलं की ते पुरं करायचं. मग सुरुवातीला वेग कमी, खडी बसते तसा वाढवतात. मग उद्घाटनाची तारीख, त्याबद्दल दिघा गावचं वर सांगितलंच. आणि लाइन आली म्हणजे गाड्या आल्या असंही नाही. ठाणे-दिवा झाल्यावर ३६ नवीन फेऱ्या मिळाल्या, वाईट नाही, पण कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी अजून नाही म्हणून मेल गाड्या कुर्ल्याच्या पुढे परत लोकलच्याच रुळावर येतात. एका जागी गल्ली रुंद केली तरी पुढचा नाका अरुंदच. तुमच्या बाबतीत बदलापूरहून सुटणारी थेट गाडी हवी तर जादा रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, हवेत, ते रात्री उभे करायला साइडिंग हवी, आणि ट्रान्सहार्बरवर ती गाडी घुसवायला दोन गाड्यांमध्ये फट हवी. हे सगळं टाइमटेबलवाल्यांच्या हातात.

तर मग तुम्ही बघायचं काय? मधला भराव बघू नका, दोन टोकं बघा. कळव्याच्या बाजूला, जिथे तो उन्नत मार्ग मेन लाइनला येऊन मिळायचा, तिथली घरं हललीत का? तिथे पिलर नुसते उभे आहेत की वर गर्डर चढलेत? धावत्या लाइनच्या अगदी शेजारी नवीन ओएचईचे मास्ट दिसायला लागले, स्टेशनच्या टोकाला नवीन सिग्नल काळी पिशवी घालून किंवा तोंड फिरवून उभे दिसले, खडीवर अख्खा पॉइंट जोडून आडवा ठेवलेला दिसला तर समजा जोडणी जवळ आली. रेल्वेने वर्तमानपत्रात लांब ब्लॉकची जाहिरात दिली की मग काही आठवड्यांची गोष्ट. यातलं काहीच नसेल आणि नुसतं मधे रूळ चकाकत असतील, तर माझ्या अनुभवाने दोन वर्षं हा आकडा धाडसी आहे. कल्याणच्या बाजूलाही तेच, तिथलं यार्ड एवढं गुंत्याचं आहे की बदलापूरकडून येणाऱ्या नवीन लाइनी आत कुठे आणि कशा घेतात यावर सगळं अवलंबून.

फ्लॅटचं म्हणाल तर ते तुमच्या पैशांवर, मुलांच्या शाळेवर, बायको कुठे कामाला जाते यावर आहे, त्यात मी बोलणं बरोबर नाही. एवढंच सांगतो की हिशोब आजच्या गाडीवर करा. बदलापूरहून आज सकाळच्या गर्दीत ठाण्याला येऊन, पूल चढून, नऊ-दहा नंबरवरून ऐरोली, असं एक आठवडा करून बघा, शनिवारी नाही, सोमवार ते शुक्रवार. ते पाच-सात वर्षं निभेल असं वाटलं तर घ्या, थेट गाडी लवकर आली तर तेवढा फायदा वरचा. नाही निभत असं वाटलं तर कळव्यातलं भाडं महाग वाटलं तरी चालू ठेवा, तुम्ही त्या लिंकच्या तोंडावरच राहताय. आणि बिल्डरला एवढंच म्हणा की दोन वर्षांचं ते थेट गाडीचं आहे ना, ते अॅग्रीमेंटमध्ये लिहून द्या. तो काय म्हणतो ते मला कळवा, माझ्या वेळी एकाने चहा मागवला होता आणि विषय पार्किंगवर नेला होता.